करंडकाच्या उंबरठ्यावर : राजसिंह डुंगरपूर आणि राजस्थानचा संघ

क्रिकेटच्या इतिहासात विजेत्यांची नावे ठळक अक्षरांत छापली जातात आणि उपविजेत्यांसाठी तक्त्यात शेजारी एक अरुंद रकाना असतो. रणजी करंडकाच्या तक्त्यातील १९६०-६१ ते १९७३-७४ या चौदा हंगामांचा हा अरुंद रकाना वरपासून खालपर्यंत वाचत गेले, तर एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येते. ते नाव राजस्थान. चौदा हंगामांत आठ वेळा अंतिम फेरी आणि आठही वेळा पराभव! समोरच्या विजेत्याच्या रकान्यात सात वेळा मुंबई आहे आणि एकदा कर्नाटक.

मुंबईच्या त्या सलग पंधरा विजेतेपदांविषयी, म्हणजे १९५८-५९ ते १९७२-७३ या सुवर्णकाळाविषयी, मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. वाडेकर, सरदेसाई, नाडकर्णी, रमाकांत देसाई ही नावे घराघरांत पोहोचली. पण कोणाला तरी हरवल्याशिवाय कोणी जिंकत नसतो. वर्षानुवर्षे हरून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पांढरे कपडे चढवून मैदानात उतरणाऱ्या त्या दुसऱ्या संघाकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्या संघातील एक मध्यमगती गोलंदाज पुढे भारतीय क्रिकेटचा कारभारी म्हणून देशभर ओळखला गेला. कारभारी म्हणून जे लाभले ते त्याला खेळाडू म्हणून मात्र कधीच लाभले नाही. त्या गोलंदाजाचे नाव राजसिंह डुंगरपूर.

डुंगरपूर हे राजस्थानच्या दक्षिण टोकाला, गुजरातच्या सीमेलगत असलेले एक छोटे संस्थान. तेथील महारावळ लक्ष्मणसिंह यांच्या पोटी १९ डिसेंबर १९३५ रोजी राजसिंहांचा जन्म झाला. ते धाकटे पुत्र, त्यामुळे गादीचा भार त्यांच्या खांद्यावर येणार नव्हता. शिक्षणासाठी त्यांना इंदूरच्या डेली कॉलेजात धाडण्यात आले. त्या काळचे इंदूर म्हणजे होळकरांच्या क्रिकेट संघाचे गाव. मूळचे नागपूरचे कर्नल सी. के. नायडू या संघाचे नायक होते आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. अशा गावात शाळकरी वय गेलेल्या मुलाला क्रिकेटचे वेड लागले नसते, तरच नवल!

१९५५-५६ च्या हंगामात राजसिंह प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आले आणि १९७०-७१ पर्यंत खेळत राहिले. सोळा हंगामांत ८६ सामने आणि २०६ बळी, असा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब आहे. हे आकडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहेत. ८६ सामने सोळा वर्षांत विभागले, तर वर्षाला सरासरी पाच-सहा सामने पडतात. आजचा खेळाडू तेवढे सामने दोन-अडीच महिन्यांत खेळतो. म्हणजे त्या काळच्या हौशी क्रिकेटपटूचे वर्ष प्रामुख्याने वाट पाहण्यात जात असे. हिवाळ्यातील त्या पाच-सहा सामन्यांसाठी उरलेले दहा महिने शरीर राखायचे, सराव करायचा आणि पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसायचे. यातून पैसा मिळत नव्हता. प्रवासाचा आणि जेवणाखाण्याचा खर्च निघाला, तरी पुष्कळ मानले जाई.

राजघराण्यातील माणसाला ‘हौशी’ राहणे परवडते, हा आक्षेप येथे कोणी घेतला, तर तो खोटा म्हणता येणार नाही. खेळासाठी पोट मारावे लागणारे कित्येक जण त्याच संघात होते आणि त्यांची हौस अधिक महाग होती. परंतु घरी सुबत्ता असलेल्या माणसाला खेळ सोडून देणेही तितकेच सोपे असते. सोळा वर्षे प्रत्येक हिवाळ्यात नव्या चेंडूचे पहिले षटक टाकायला उभे राहणे, तेही बहुतेक वेळा फलंदाजांना धार्जिण्या खेळपट्टीवर, हे संस्थानिकी शौकाच्या पलीकडचे काम होते.

त्यांना कसोटी सामना का मिळाला नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या काळच्या भारतीय क्रिकेटच्या रचनेत आहे. साठच्या दशकात भारताचा सारा भरवसा फिरकीवर होता. मध्यमगती गोलंदाजाने दोन-चार षटके टाकून चेंडूची लकाकी घालवायची आणि मग तो प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर यांच्या हाती सोपवायचा, असा शिरस्ता पडला होता. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीत तर बुधी कुंदरन या मूळच्या यष्टिरक्षकाने भारताच्या गोलंदाजीची सुरुवात केली! ज्या देशात नव्या चेंडूची एवढीच किंमत होती, तेथे राजस्थानच्या मध्यमगती गोलंदाजाकडे निवड समितीचे लक्ष जाणे अवघडच होते.

राजस्थानचा तो संघ मात्र कोणत्याही अर्थाने दुबळा नव्हता. उदयपूरचे महाराणा भगवतसिंह यांनी क्रिकेटला उदार आश्रय दिला होता आणि त्या आश्रयाने देशभरातील नामवंत खेळाडू राजस्थानकडे आले. विनू मंकड आले, रुसी सुरती आले. सलीम दुराणी आले आणि कायमचे राजस्थानचेच होऊन गेले. मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे मुंबईच्या मैदानांत घडलेले दोन मोठे खेळाडू याच काळात राजस्थानकडून खेळले. एक, जगातील सर्वश्रेष्ठ लेगस्पिनरांत ज्यांची गणना होते ते सुभाष गुप्ते आणि दुसरे, तंत्रशुद्ध फलंदाजीचा वस्तुपाठ मानले गेलेले विजय मांजरेकर. घरचा सरदार बनला तो हनुमंतसिंह. बांसवाड्याचा हा राजपुत्र दुलीपसिंहजींचा भाचा. १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीतच त्याने १०५ धावा काढल्या होत्या.

रणजी स्पर्धेची रचनाही राजस्थानला अनुकूल होती. १९५७-५८ पासून देशाचे विभाग पाडून विभागवार साखळी सामने सुरू झाले. मध्य विभागात राजस्थानसमोर मध्य प्रदेश, विदर्भ, उत्तर प्रदेश असे संघ असत आणि वरील नावे असलेल्या संघाला तेथून वर येणे फारसे जड जात नसे. खरी परीक्षा बाद फेरीत होती आणि त्या वाटेच्या शेवटी मुंबई उभी असे.

पहिला अंतिम सामना १९६०-६१ मध्ये उदयपूरला, म्हणजे आश्रयदात्याच्याच गावी झाला. मुंबई सात गडी राखून जिंकली. पुढच्याच वर्षी मुंबईत राजस्थानचा एक डाव आणि २८७ धावांनी धुव्वा उडाला. १९६२-६३ मध्ये सामना जयपूरला होता. त्या हंगामात भारतीय फलंदाजांना वेगवान माऱ्याची सवय व्हावी म्हणून वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज आणले होते. रॉय गिलख्रिस्ट हैदराबादकडे, लेस्टर किंग बंगालकडे, चेस्टर वॉटसन दिल्लीकडे, तर चार्ली स्टेअर्स मुंबईकडे खेळले. जयपूरच्या प्रेक्षकांसमोरही राजस्थान एक डाव आणि १९ धावांनी हरले. १९६३-६४ मध्ये नऊ गडी, १९६५-६६ मध्ये पुन्हा जयपुरातच आठ गडी! एखाद्या कर्जदाराने दरवर्षी हप्त्याच्या तारखेला बँकेच्या दारात यावे आणि दरवर्षी रिकाम्या हाताने परत जावे, तसा हा क्रम चालला होता.

यांतला १९६६-६७ चा अंतिम सामना मात्र वेगळा होता आणि त्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हनुमंतसिंहाने पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात नाबाद २१३ धावा केल्या. एका सामन्यात शतक आणि द्विशतक, तेही अंतिम सामन्यात आणि मुंबईविरुद्ध. दोन्ही डावांत त्याला साथ दिली ती सख्ख्या भावाने, सूर्यवीरसिंहाने. या दोघा भावांनी मुंबईच्या गोलंदाजांना दमवले, पण करंडकाचा निर्णय तोपर्यंत जवळजवळ होऊन गेला होता. रणजी स्पर्धेचा नियम असा की, बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो विजयी. मुंबईने पहिल्या डावात आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावातील हनुमंतसिंहाच्या २१३ धावा म्हणजे पराभव लांबवत नेणारी एक भव्य खेळी ठरली. कोणी हरवले नाही आणि तरीही करंडक गेला. १९६९-७० मध्ये सातव्यांदा तेच झाले.

राजस्थान आणि मुंबई यांत नेमके अंतर कशाचे होते? दोघांकडेही कसोटीपटू होते. पण मुंबईत १९४८ पासून भर पावसात कांगा लीग चाले. तेथे ओल्या खेळपट्टीवर धावा करायला शिकलेला फलंदाज कोठेही डगमगत नसे. शिवाजी पार्कचे क्लब, महाविद्यालयांचे सामने आणि टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांतून खेळाडूंचा अखंड पुरवठा चाले. बँका, गिरण्या, रेल्वे आणि खासगी कंपन्या खेळाडूला नोकरी देत, खेळासाठी रजा देत. अजित वाडेकर हे भारतीय स्टेट बँकेत अधिकारी होते, गुंडाप्पा विश्वनाथही त्याच बँकेत होते. महिन्याचा पगार खात्रीचा असल्यामुळे मध्यमवर्गीय घरातील मुलाला क्रिकेटसाठी मनमोकळा वेळ देता आला. राजाश्रयाने अकरा उत्तम खेळाडू एकत्र आणता येतात, पण अकरावा जखमी झाला की बारावा कोठून आणायचा, हा प्रश्न राजाश्रयाला सोडवता येत नाही. मुंबईत बारावाच नव्हे, तर पंचविसावाही तयार असे. विनू मंकड राजस्थानकडून खेळले, पण त्यांचे चिरंजीव अशोक मंकड मुंबईकडून खेळले, यातच सारे आले.

१९७०-७१ नंतर राजसिंहांनी चेंडू खाली ठेवला. त्यांच्या कारकिर्दीच्या काळात राजस्थानने सात वेळा अंतिम फेरी गाठली होती. आठवी वेळ ते निवृत्त झाल्यावर आली आणि ती सर्वांत जिव्हारी लागणारी होती. १९७३-७४ च्या उपांत्य फेरीत कर्नाटकने बंगळूरला मुंबईची पंधरा वर्षांची मालिका खंडित केली. वाडेकर धाव घेताना पाय घसरून धावबाद झाले आणि सामना फिरला. म्हणजे वाटेवरचा डोंगर दुसऱ्यानेच दूर केला होता. अंतिम सामना जयपूरला, घरच्या प्रेक्षकांसमोर होता. पण प्रसन्नाच्या नेतृत्वाखालील कर्नाटकने राजस्थानला १८५ धावांनी हरवले आणि करंडक दक्षिणेला नेला.

मुंबईने राजसिंहांना मैदानावर इतक्या वेळा हरवले, त्याच मुंबईला त्यांनी आपले घर मानले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. त्यांच्या काळातील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सचिन तेंडुलकर हा चौदा वर्षांचा मुलगा क्लबकडून खेळणार होता आणि क्लबच्या नियमानुसार एवढ्या लहान मुलाला खेळाडूंच्या कक्षात प्रवेश नव्हता. अध्यक्षांनी मुलाला बाहेर बसवले नाही, नियम बदलून घेतला. पुढे १९८९ मध्ये सोळा वर्षांच्या त्याच मुलाची पाकिस्तान दौऱ्यासाठी निवड झाली, तेव्हा निवड समितीचे अध्यक्षही राजसिंहच होते. पुढच्या वर्षी न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्यांनी मोहंमद अझरुद्दीन यांच्याकडे नेतृत्व सोपवले आणि त्या तरुण संघाला ‘नव्वदच्या दशकाचा संघ’ म्हणून गौरवले. यावर त्या वेळी भरपूर टीका झाली. टीका अगदीच अनाठायी होती असे नाही, पण ज्याला स्वतःला सोळा वर्षांत एकदाही देशाची टोपी मिळाली नाही, त्याने दुसऱ्यांच्या डोक्यावर ती ठेवताना वयाकडे पाहिले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

मंगेशकर कुटुंबाशी त्यांचा जुना स्नेह होता. १९८३ मध्ये कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना बक्षीस देण्याइतके पैसे नियामक मंडळाच्या तिजोरीत नव्हते. आजच्या पिढीला हे खरे वाटणार नाही. राजसिंहांच्या विनंतीवरून लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, मानधन घेतले नाही आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. स्वतः हौशी म्हणून खेळलेल्या माणसाने व्यावसायिक युगातील खेळाडूंच्या हाती पहिली मोठी रक्कम पडावी म्हणून धडपड केली. १९९६ ते १९९९ या काळात ते नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. बंगळूरला २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीमागेही त्यांचा मोठा आग्रह होता. १९८२ मध्ये इंग्लंडला आणि २००६ मध्ये पाकिस्तानला गेलेल्या भारतीय संघांचे ते व्यवस्थापक होते.

अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाच्या आजाराने ग्रासले आणि १२ सप्टेंबर २००९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तीन महिनेही उलटले नव्हते, तोच डिसेंबरात त्यांच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर छत्तीस वर्षांनी कसोटी सामना परतला. श्रीलंकेविरुद्ध सेहवागने तेथे २९३ धावा फटकावल्या. पण त्याहून मोठा योगायोग पुढे जयपुरात घडायचा होता.

नोव्हेंबर २०१० मध्ये राजस्थानचा संघ रणजीच्या दुय्यम, म्हणजे प्लेट गटात होता. कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. त्याचे वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे कर्णधार आणि कसोटीपटू होते. स्वतः हृषीकेशला सारा देश ओळखतो तो जानेवारी १९९८ मधील ढाक्याच्या सामन्यातील सकलैन मुश्ताकला मारलेल्या अखेरच्या चौकारासाठी. दोन कसोटी आणि ३४ एकदिवसीय सामन्यांनंतर राष्ट्रीय संघाचे दार बंद झाले, पण त्याने खेळ सोडला नाही. वर्षानुवर्षे रिकाम्या मैदानांवर धावा करीत राहिला आणि पस्तिशीनंतर आकाश चोप्रा, रश्मी रंजन परिदा यांच्याप्रमाणे बाहेरून आलेला खेळाडू म्हणून राजस्थानला आला. जयपुरातील पहिल्याच सामन्यात अठरा वर्षांच्या दीपक चहरने पदार्पणात १० धावांत आठ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव अवघ्या २१ धावांत आटोपला. रणजीच्या इतिहासात इतकी नीचांकी धावसंख्या तोपर्यंत कधीच झाली नव्हती.

प्लेट गटातून वर आलेल्या या संघासमोर उपांत्यपूर्व फेरीत कोण यावे? मुंबई! साठच्या दशकात जे एकदाही जमले नाही, ते या वेळी जमले आणि मुंबईचा संघ स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर तमिळनाडू आणि जानेवारी २०११ मध्ये वडोदऱ्याच्या अंतिम सामन्यात बडोदा. निर्णय झाला तो पहिल्या डावातील आघाडीवर, म्हणजे ज्या नियमाने १९६७ मध्ये हनुमंतसिंहाच्या द्विशतकाला निष्फळ ठरवले होते, त्याच नियमाने. उदयपूरच्या पहिल्या अंतिम सामन्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी चेन्नईत तमिळनाडूविरुद्ध विनीत सक्सेनाने २५७ धावांची मॅरेथॉन खेळी केली आणि कानिटकरच्याच नेतृत्वाखाली राजस्थानने करंडक राखला. गंमत अशी की, ज्या महाराष्ट्राने हा कर्णधार घडवला, त्याने शेवटचा रणजी करंडक जिंकला तो १९४०-४१ मध्ये.

वडोदऱ्याच्या त्या दिवशी जुन्या राजस्थान संघातील अनेक जण हयात नव्हते. विनू मंकड १९७८ मध्ये गेले, विजय मांजरेकर १९८३ मध्ये. सुभाष गुप्ते २००२ मध्ये दूर त्रिनिदादमध्ये वारले. हनुमंतसिंह २००६ मध्ये आणि राजसिंह त्यानंतर तीन वर्षांनी. राजस्थानच्या नावापुढे प्रथमच ‘विजेते’ असे लिहिले गेलेले पाहायला जे होते, त्यांत सलीम दुराणी होते. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते आणि जामनगरला राहत होते.